मागच्या चाकातली हवा

हे घडलं दोन हजार तेवीस साली, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. साल पक्कं लक्षात आहे, कारण माझी नात रिद्धी तेव्हा अकरावीला होती आणि मला त्र्याहत्तरावं लागलं होतं.

आमचं घर वसईजवळ निर्मळला. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त तळं. त्यामुळे लग्न होऊनही मी फार लांब कुठे गेले नाही आणि माझी बालमैत्रीण एमिली माझ्यापासून सुटली नाही. तिचं घर आमच्या वाडीला लागून. मधे कुंपण आहे, पण त्याला आम्ही दोघींनी पन्नास वर्षांत ये-जा करून एक खिंडार पाडलंय.

रिद्धी डोंगरात सायकल चालवायची. मला आधी हे समजायचंच नाही. आमच्या काळी सायकल रस्त्यावर चालवायची, आणि रस्ता वाईट असला तर उतरून ढकलायची. ही पोरगी चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम दगडाधोंड्यांत घालायची. नववीला चांगले मार्क पडले म्हणून हरेश्वरने, म्हणजे माझ्या मुलाने, तिला ती सायकल घेऊन दिली होती. निळी, जाड टायरांची, सरळ हँडलची. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग होती, मोटारसायकलला असते तशी. मागे काही नाही. मागचं चाक सरळ दांड्यांना जोडलेलं, ताठ. अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात, असं तिने मला शिकवलं. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या वडिलांच्या सायकलीसारखीच की. फक्त पुढचा चिमटा सुधारलाय." ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

त्या रविवारी विरार पूर्वेला, चंदनसारच्या मागच्या टेकड्यांवर शर्यत होती. एका सायकल क्लबने भरवली होती. अठरा वर्षांखालच्या मुलींमध्ये पहिल्या तीन येतील त्यांना उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला शिबिर, तिथे राज्याच्या संघासाठी निवड. पुढच्या वर्षी रिद्धीचं वय बसणार नव्हतं. ही एकच वेळ होती.

हरेश्वर वसईच्या कोर्टात कारकून आहे. तीस वर्षं निकाल ऐकून ऐकून घरातही तो निकालच देतो. महिनाभर आधीच त्याने सांगून टाकलं होतं, "पहिल्या तिघींत आलीस तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. नाही आलीस तर बारावी होईपर्यंत डोंगर बंद. सायकल पडवीत." रिद्धी म्हणाली, "चालेल." तिने एकदाही घासाघीस केली नाही. मला तेव्हाच वाटलं, ह्या पोरीला स्वतःची खात्री आहे.

आदल्या संध्याकाळी एमिलीचा मुलगा सिप्रियन खिंडारातून एक सायकल उचलूनच घेऊन आला. मागोमाग त्याची मुलगी टिफनी. टिफनी रिद्धीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, तिचं वय त्या गटातून निघून गेलं होतं. सिप्रियन बरीच वर्षं मस्कतला होता, गाड्यांच्या वर्कशॉपात. परत आल्यावर त्याने लेकीसाठी भारीतली सायकल आणली होती. तिला पुढेही स्प्रिंग आणि मागेही. मागचा भाग मधल्या भागाला बिजागरीसारखा जोडलेला, मधे जाडजूड शॉकअप.

"रिद्धी, उद्या ही घेऊन जा," सिप्रियन म्हणाला. "मी कालच वाट बघून आलो. उताराला सगळा सुटा दगड आहे. हिच्यावर आरामात येशील."

"अंकल, मी आराम करायला नाही चालले."

"बघ हां," टिफनी म्हणाली, "तुझी सायकल उतारावर बकरीसारखी उड्या मारते."

"आणि तुझी चढावर म्हशीसारखी बसते!"

ह्यावर दोघींची अशी जुंपली की मी भाजी निवडायची थांबले. मला त्या वादातून पुष्कळ कळलं. रिद्धीचं म्हणणं, हार्डटेल वजनाला हलकी. चढावर पायडल मारलं की सगळा जोर चाकाला जातो, मागच्या स्प्रिंगमध्ये खाली-वर होऊन वाया जात नाही. शिवाय भानगड कमी. टिफनीच्या सायकलीला मागे दहा सांधे, त्या दहा सांध्यांत आपली खारी हवा शिरते आणि दर दोन महिन्यांनी सिप्रियन अंकल अंगणात सगळं खोलून बसतात.

"ते बरोबर आहे," सिप्रियन म्हणाला. "माझे सगळे रविवार तिथेच गेलेत."

टिफनी म्हणाली, चढावर कमावशील आणि उतारावर सगळं घालवशील. ताठ सायकलीला दगड लागला की धक्का थेट पायात आणि कमरेत. ब्रेक दाबला की मागचं चाक उडतं, पकड सुटते. तिसऱ्या फेरीपर्यंत तुझ्या पोटऱ्या संपलेल्या असतील.

"पण म्हणूनच मला वाट बघून चालवता येते," रिद्धी म्हणाली. "तू दगडावरून जातेस. मी दगडाच्या बाजूने जाते. आणि मागच्या चाकात मी हवाच बेताची ठेवते. तेवढाच माझा शॉकअप."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. कानाने ऐकलं. डोक्यात गेलं नाही.

हरेश्वर खुर्चीतून म्हणाला, "मी वादात पडत नाही. पण सिप्रियन एवढं म्हणतोय तर घ्यायला काय हरकत आहे?"

"बाबा, मी ह्याच सायकलीवर दोन वर्षं त्या टेकडीवर जातेय. दुसरीवर मला माझे पायच सापडायचे नाहीत."

"ठीक आहे. मग उद्या सायकलीच्या नावाने रडायचं नाही."

"नाही रडणार."

सिप्रियनने तिची सायकल एकदा तपासून दिली, ब्रेक बघितले, साखळीला तेल दिलं, दोन्ही चाकांत हवा तिला हवी तेवढी करून ठेवली, आणि आपली पडवीतून पुन्हा उचलून खिंडारातून घेऊन गेला.

आता मला माझ्या वडिलांच्या सायकलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची बागायत. केळी, पानवेल, थोडी फुलं. माझ्या लहानपणी माल दादरला जायचा आणि तो पहाटे सोपारा, म्हणजे नालासोपारा स्टेशनवर पोचवावा लागायचा. वडिलांची काळी दांड्याची सायकल होती, मागे लोखंडी कॅरिअर एवढं मोठं की त्यावर एक माणूस झोपेल. दोन्ही बाजूंना केळीचे अख्खे घड, आम्ही त्यांना लोंगर म्हणतो, सुक्या पानांत गुंडाळून बांधलेले. वर फुलांची टोपली. सहासष्ट साली माडावरून पडून वडिलांचा हात मोडला. मोठा भाऊ नोकरीला लागलेला. मी सोळा वर्षांची, उंच, आणि घरात दुसरं कोणी नाही. वडिलांनी आठ दिवस विचार केला आणि मला म्हणाले, "मालन, तू नेशील?"

मी नेलं. पहिल्या दिवशी एकटीने. दुसऱ्या दिवशी एमिली आली, तिच्या काकांची सायकल आणि तिच्या घरची भाजी घेऊन. म्हणाली, "तू एकटी का मजा करणार?" ती फ्रॉकमध्ये, मी परकर वर खोचून. गावातले म्हातारे कट्ट्यावरून बघत राहायचे. एकाने वडिलांना विचारलं, "काय रे, पोरीला सायकलवर बसवलंस?" वडील म्हणाले, "बसवली नाही, तीच बसली."

दीड वर्षं आम्ही तो माल नेला. सगळं आयुष्य एका बाजूला आणि ते दीड वर्ष एका बाजूला, असं मला कधी कधी वाटतं. दोन्हीकडे वाड्या, रहाटाचा आवाज, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास, आणि पुढे एमिली मोठ्याने गात चाललेली. आता त्या रस्त्याला सगळ्या इमारती. कुठे कोणाची विहीर होती ते मी अजून सांगू शकते, पण विचारणारं कोणी नाही.

वडिलांचा एक नियम होता. निघण्याआधी मागचं टायर अंगठ्याने दाबायचं. अंगठा जरासुद्धा आत गेला तर पंप घ्यायचा. ओझं सगळं मागे असतं. हवा कमी असली की खड्ड्यात टायर दबतं, ट्यूब रिंगला चेपते आणि पंक्चर. गाडी चुकली की केळी काळी पडतात, फुलं कोमेजतात, दिवस गेला. "दगडासारखं टायर पाहिजे," ते म्हणायचे. आमच्या सगळ्या वाड्यांतून हाच नियम. लग्नानंतर सासऱ्यांची सायकल, मग नवऱ्याची, मग हरेश्वरची शाळेची, सगळ्यांची मागची टायरं मी जाता-येता दाबत आले. ते करताना मी विचार करत नाही. दुधाला हात लावून गरम आहे का बघतो ना, तसं.

त्या रविवारी मी पहाटे उठले, पूजेला जास्वंदी काढायला निघाले. पडवीत रिद्धीची सायकल भिंतीला टेकवलेली. मी परडी खाली ठेवली आणि मागचं टायर अंगठ्याने दाबलं. अंगठा चांगला आत गेला.

अरे देवा, म्हटलं, पोरीने महिनाभर मेहनत केली आणि आज नेमकी हवा उतरली. तिला उठवावंसं वाटलं नाही. तिचा उभा पंप तिथेच होता. नळी लावायची आणि खटका दाबायचा, हे मी तिला करताना शंभरदा बघितलं होतं. पंपावर काटा होता, पण चष्मा आत राहिला होता. मी पंप मारत राहिले. दम लागला की थांबायची, अंगठ्याने बघायची, पुन्हा मारायची. शेवटी टायर दगडासारखं झालं. पुढच्या चाकाला हात लावला नाही, ओझं मागेच असतं म्हणून. मग परडी उचलली आणि फुलं काढायला गेले. मनात इतकं समाधान होतं की कोणाला सांगायचंही सुचलं नाही.

सात वाजता हरेश्वरने टेम्पोत सायकल चढवली. सिप्रियनच्या गाडीत टिफनी, एमिली आणि मी. एमिलीच्या डब्यात इडल्या, माझ्याकडे भाजी-चपाती, जणू आम्ही देवदर्शनाला निघालो होतो.

टेकडीच्या पायथ्याशी बरीच पोरं जमली होती. मुली अकरा. तीन फेऱ्या मारायच्या. आधी थोडा डांबरी रस्ता, मग पक्क्या मातीचा लांब चढ, वर थोडी झाडी, आणि मग सुट्या दगडांचा उतार जो थेट आमच्यासमोर येऊन संपायचा. तिथे दोरी लावली होती. आयोजकांतल्या एका बाईने सगळ्यांना सांगितलं, सायकलीला काही झालं तर ज्याचं त्याने नीट करायचं, बाहेरच्याने हात लावला तर शर्यतीतून बाद. ओरडून काय ते सांगा.

रिद्धी डांबरी रस्त्यावर दोनदा खाली-वर करून आली. डोळे चमकत होते. "आजी, आज सायकल नुसती पळतेय!"

मी हळूच हसले. मला वाटलं, पळणारच.

हरेश्वरने आम्हा म्हाताऱ्यांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दोरीजवळ आणून दिल्या. शिट्टी झाली. चढावर रिद्धी सगळ्यांच्या पुढे गेली. खालून आम्हाला तिचं निळं जॅकेट सगळ्यांत वर दिसत होतं, आणि मागच्या मुलीत आणि तिच्यात चांगलं अंतर. सिप्रियन म्हणाला, "चढाला हार्डटेलला तोड नाही, मी मानतो."

"कालच मानायला काय झालं होतं?" टिफनी म्हणाली. "आणि उतार अजून यायचाय." ती फोनवर वेळ लावून उभी होती.

उतारावर पहिली दिसली ती रिद्धी नव्हती. दुसरीही नव्हती. रिद्धी तिसरी आली. दात आवळलेले, हात ताठ. आमच्यासमोरून गेली, पण बघितलं नाही.

"पाहिलंस?" हरेश्वर म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे.

दुसऱ्या फेरीत चढावर तिने पुन्हा दोघींना मागे टाकलं. मला हायसं वाटलं. मग उतार आला. ह्या वेळी मी खुर्चीवरून उठून दोरीपाशी उभी राहिले, म्हणून मला नीट दिसलं. पुढचं चाक दगडांतून बरं येत होतं. मागचं चाक जमिनीवर टिकतच नव्हतं. एका दगडावर आपटायचं, उडायचं, दुसऱ्याच जागी पडायचं. ती ब्रेक दाबायची तशी मागची बाजू आडवी सरकायची. एका वळणावर ती पडली. उठली, पुन्हा बसली. तेवढ्यात तिघी तिच्या बाजूने निघून गेल्या.

"सांगितलं होतं," हरेश्वर म्हणाला. "सिप्रियन एवढा सांगत होता. पण नाही. ह्याच सायकलीवर जाणार. हट्ट!"

"हार्डटेल आहे, उडणारच थोडी," सिप्रियन म्हणाला, पण त्याच्या कपाळाला आठी होती. "एवढी उडायला नको, पण."

एमिली माझ्या शेजारी येऊन उभी होती. डोळ्यांवर हात धरून बघत होती. ती आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते, "मालन गो, आपण सोपाऱ्याहून रिकाम्या सायकली घेऊन यायचो, तशी उडतेय बघ. आठवतं?"

आठवलं. एका क्षणात सगळं आठवलं.

जाताना ओझं असायचं म्हणून टायर दगडासारखं असलं तरी सायकल जमीन धरून चालायची. माल उतरला की तीच सायकल खडीवर नाचायला लागायची. दात वाजायचे, हँडल हातात राहायचं नाही. एमिली एकदा त्यामुळे खाजणात, खाऱ्या चिखलात पडली होती. तेव्हापासून स्टेशनबाहेर आम्ही दोघी मागच्या चाकातली अर्धी हवा सोडून द्यायचो आणि मऊ टायरांवर मजेत घरी यायचो. घरी आल्यावर ओरडा खायचो. वडील म्हणायचे, रोज हवा कुठे जाते? आम्ही म्हणायचो, ट्यूब जुनी झालीय. म्हणजे मला हे ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी ठाऊक होतं. वडिलांचा नियम अंगठ्यात राहिला आणि आमचं शहाणपण मी विसरून गेले.

आणि रिद्धीच्या सायकलीवर ओझं कुठलं होतं? पंचेचाळीस किलोची पोर.

"एमिली," मी म्हटलं, "हवा मी भरली. पहाटे."

एमिलीने माझ्याकडे बघितलं. तिने विचारलं नाही कसली हवा. "मग सांग तिला," ती म्हणाली. "आताच सांग. इथूनच जाईल ती."

हरेश्वर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सिप्रियन, टिफनी, बाकीच्या मुलींचे आईबाप. गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. दोष सायकलीला लागला असता, आणि सायकल निवडली म्हणून रिद्धीला. ती रडणार नाही म्हणाली होती, तशी ती रडलीही नसती. नुसती मनाशी धरून बसली असती की माझं चुकलं. मला ते चालणार नव्हतं.

ती उतार संपवून दोरीपाशी आली तशी मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी वाडीत चोर शिरला तेव्हाही ओरडले नव्हते.

"रिद्धी! मागच्या चाकात हवा जास्त आहे! मी भरली! पहाटे मी भरली!"

ती थांबली. एक पाय जमिनीवर टेकवला. कोपर सोललेलं, त्यातून रक्त. तिने वाकून मागचं टायर अंगठ्याने दाबलं. मग वर माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. राग होता, पण रागाच्या आधी नुसतं आश्चर्य होतं, झोपेतून उठवल्यासारखं.

"सोड हवा!" टिफनी ओरडली. "सोड लवकर! व्हॉल दाब!"

सिप्रियन पुढे झाला, तशी आयोजक बाई म्हणाली, "हात नाही लावायचा, सर." तो तिथेच मुठी वळून उभा राहिला.

रिद्धी गुडघ्यावर बसली. टोपण काढलं, जमिनीवरचा एक बारीक खडा घेऊन व्हॉलची पिन दाबली. हवा फुसफुसत सुटली. तेवढ्यात आणखी एक मुलगी तिच्या शेजारून गेली. मग अजून एक. रिद्धीने अंगठा लावून बघितलं, अजून थोडी सोडली, पुन्हा बघितलं. घाई केली नाही. मला वाटत होतं पुरे, पुरे, पण तिने तिला हवी तेवढीच ठेवली, टोपण लावलं आणि निघाली. ती सहावी होती.

"आई," हरेश्वर म्हणाला, "तू कशाला..."

तिसरी फेरी सुरू झाली. एमिलीने माझा हात धरला होता. चढावर रिद्धीने एकीला मागे टाकलं, पण पाय थकलेले दिसत होते. मऊ टायर चढावर जड जातं, हे मला टिफनीने नंतर सांगितलं. वरच्या झाडीत सगळ्या दिसेनाशा झाल्या. मग उतारावर पहिली आली, दुसरी आली, आणि त्यांच्या मागे काही अंतरावर लाल टोपीची, चंदनसारचीच दिपिका नावाची मुलगी. तिच्या मागे आणखी एक मुलगी, आणि मग निळं जॅकेट.

मला सायकलीतलं काय कळतं. पण ते तिसऱ्या वेळचं उतरणं मी बघितलं ते बरं झालं. रिद्धी सीटवरून उठून उभी होती, गुडघे वाकवलेले, कंबर मागे. सायकल तिच्याखाली हलत होती आणि ती वर स्थिर होती. दगडांवरून नाही, दगडांच्या मधून येत होती. प्रत्येक ठिकाणी तिला ठाऊक होतं चाक कुठे टाकायचं. मागचं चाक आता मातीला चिकटून येत होतं. वाटेत तिने एकीला बाजूने टाकलं. दिपिका आणि तिच्यातलं अंतर इतकं भरभर कमी होत होतं की हरेश्वर, कोर्टातला तो हरेश्वर, दोरीवर पोट टेकवून ओरडत होता, "चल! रिद्धी, चल! चल!"

उतार संपला तिथून शेवटची रेघ पन्नास पावलांवर होती, सपाट. दिपिका आधी पोचली. रिद्धी चौथी. दोन सायकलींएवढं अंतर असेल, जास्त नाही.

ती सायकलीवरून उतरली आणि गवतात बसली. मी गेले तिच्याजवळ. म्हटलं, "मला वाटलं हवा उतरलीय."

"विचारायचं तरी ना, आजी." तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाली, "मीपण बघायला हवं होतं. डांबरावर पळाली तेव्हाच कळायला हवं होतं मला."

टिफनी फोन घेऊन आली आणि तिच्याजवळ मांडी घालून बसली. "ऐक. उताराच्या तुझ्या तिन्ही वेळा मी लावल्यात. पहिल्या दोनपेक्षा तिसरी चाळीस सेकंदांनी कमी. थकलेली होतीस तरी. तुझी सायकल बरोबर होती, बकरे."

रिद्धी तेव्हा रडली. टिफनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पण त्यात थोडं हसूही होतं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी हरेश्वरला म्हटलं, "चूक माझी. तिला का शिक्षा? तिला डोंगर बंद करू नकोस."

तो सुपारी कातरत होता. "आई, मी शब्द दिला तेव्हा कोणाच्या चुकीने ते ठरवलं नव्हतं."

"तुझ्या कोर्टातसुद्धा अपील असतं."

तेवढ्यात पडवीतून रिद्धीचा आवाज आला. "आजी, राहू दे. ठरलं ते ठरलं." ती सायकल धूत होती. धुऊन, पुसून, साखळीला तेल लावून तिने ती भिंतीवरच्या खुंट्यांना उलटी टांगली. सव्वा वर्ष ती तशीच टांगलेली होती. हरेश्वरने शब्द पाळला आणि तिनेही. मला मात्र रोज पडवीतून जाताना मान खाली घालून जावं लागलं.

त्याला आता अडीच-तीन वर्षं झाली.

सिप्रियनने आपल्या अंगणात पत्र्याची शेड घालून सायकल दुरुस्तीचं काम सुरू केलं. वसईपासून विरारपर्यंतची पोरं त्याच्याकडे येतात. त्याचे रविवार आता अधिकच गेले, पण तो खूश दिसतो. टिफनी नर्सिंग करून मंगळूरला नोकरीला लागली. तिची सायकल तिने विकली.

एमिली गेल्या पावसाळ्यानंतर गेली. तीन दिवस आजारी होती. शेवटच्या दिवशी मी तिच्या पलंगाशी बसले होते, तर मला म्हणाली, सोपाऱ्याच्या स्टेशनबाहेर तो बर्फाचा गोळेवाला होता, त्याचं नाव काय गो? मला आठवलं नाही. अजून आठवत नाही. कुंपणाचं खिंडार तसंच आहे, सिप्रियनची बायको तिथून मला मासे आणून देते.

हरेश्वरला साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला तेव्हा, रिद्धीने दुसरी घेतल्यावर पुन्हा भिंतीवर गेलेली निळी सायकल त्यानेच खाली काढली. सकाळी तिच्यावरून कळंबच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि आल्यावर कंबर धरून बसतो. एकदा म्हणाला, "फार ताठ आहे ही." मी म्हटलं, तुझ्यासारखीच आहे.

रिद्धी नाशिकला आहे, शेतकीचं शिकते. बारावीनंतर पुन्हा डोंगरात जायला लागली, पण शर्यतीत उतरली नाही. गेल्या वर्षी तिने मागे-पुढे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली सायकल घेतली, जुनी, कोणाकडून तरी. तिच्या कमरेला धक्के सोसेनात. टिफनीला तिने स्वतः फोन करून सांगितलं, आणि टिफनी अर्धा तास हसली म्हणे. तरी चढ आला की अजून तिला आपली हार्डटेल आठवते.

मी घरीच असते. वाडी निम्मी राहिली, तेवढी पुरते. गुडघे दुखतात. कोणाच्याही सायकलीला हात लावत नाही.

दिपिका पुण्याला गेली. शिबिर केलं, राज्याच्या संघात निवडली गेली. तिच्या शर्यती फोनवर दिसतात. रिद्धी सुट्टीत आली की माझ्या शेजारी बसून मला दाखवते. लाल टोपी आली की सांगते, "आजी, ही बघ." मन लावून बघते ती, पुढे सरकून. उताराला दिपिका ब्रेक फार लवकर लावते, असं तिचं म्हणणं. मी नुसती बघत असते.